नवी महागडी यांत्रिक मनगटी घड्याळे आणि त्यांची रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिव्हा येथे दर वर्षी भरणाऱ्या 'वॉचेस अँड वंडर्स' या प्रदर्शनात एप्रिल २०२५ मध्ये ६० कंपन्यांनी आपली नवी घड्याळे मांडली. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः त्या वर्षातील घड्याळांना धरून लिहिली आहेत. मात्र आजची रचना कोठून आली हे ठाऊक नसेल तर तिच्यात नवे काय आहे तेही उमगत नाही, म्हणून गरज पडेल तिथे १९७२, १९३१, १८०१ आणि त्याही आधीपर्यंत मागे जावे लागले आहे. घड्याळांच्या किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण सोन्याचा भाव आणि स्विस फ्रँकचा दर यांच्याबरोबर त्या सतत बदलत असतात.

सेलवर चालणारे हजार रुपयांचे घड्याळ अधिक अचूक असते. मग लाखो रुपयांच्या यांत्रिक घड्याळात पैसे नेमके कशाचे मोजायचे?

अचूकतेचे नव्हे, हे आधीच मान्य केलेले बरे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ, म्हणजे सेल आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि अचूकतेच्या शर्यतीचा निकाल तिथेच लागला. सेलचे साधे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढेमागे होते. उत्तम यांत्रिक घड्याळ दिवसाला दोन-चार सेकंद चुकले तरी ते निर्दोष मानले जाते.

किंमत तीन गोष्टींची असते. पहिली, मशीनचा आराखडा आणि त्यामागचे संशोधन. दुसरी, कारागिराने हाताने केलेले काम. आणि तिसरी, डायलवरचे नाव. या तिन्हींचे प्रमाण प्रत्येक घड्याळात वेगळे असते आणि ते कंपनीच्या जाहिरातीत कधीच लिहिलेले नसते. ते घड्याळ पाहून ओळखावे लागते आणि थोड्या सरावाने ओळखता येते. पुढील बहुतेक उत्तरे त्या सरावासाठीच आहेत.

मशीनमध्ये खरोखर काही नवे घडते आहे, की जुन्याच मशीनवर नवे डायल चढवले जाते?

दोन्ही घडते, आणि दुसरे पहिल्यापेक्षा फार अधिक. बहुतेक 'नवी' घड्याळे म्हणजे जुन्या घड्याळाचा वेगळा रंग, वेगळा धातू किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने बदललेला आकार असतो. त्यात गैर काही नाही, फक्त ते नवे मशीन आहे असा समज करून घेऊ नये.

खरा बदल पाहायचा तर एस्केपमेंटकडे पाहावे. मेनस्प्रिंगमध्ये, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमध्ये, साठवलेली शक्ती एकदम सुटू न देता ती मोजून मोजून बॅलन्स व्हीलपर्यंत, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकापर्यंत, पोहोचवणारा हा भाग. घड्याळाची टिकटिक येते ती इथूनच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस मज याने शोधलेली लिव्हर एस्केपमेंट आजही जगातील बहुसंख्य यांत्रिक घड्याळांत आहे. तिच्यात दाते आणि माणकाचे खडे एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे तेल लागते, तेल सुकते आणि काही वर्षांनी सर्व्हिसिंग करावे लागते. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकाराने हे घर्षण कमी करणारी को-अ‍ॅक्शियल एस्केपमेंट तयार केली आणि १९९९ मध्ये ओमेगाने ती कारखान्यात घडवून बाजारात आणली. पुढे युलिस नार्दाँच्या 'फ्रीक'ने २००१ मध्ये एस्केपमेंटसाठी सिलिकॉन वापरले. हा पदार्थ हलका असतो, त्याला चुंबक धरत नाही आणि घासला जाणारा भाग त्याचा केला तर तेलाची गरज जवळजवळ उरत नाही.

२०२५ मध्ये या वाटेवरचे मोठे पाऊल रोलेक्सच्या 'लँड-ड्वेलर'ने टाकले. त्यातील ७१३५ क्रमांकाच्या मशीनमध्ये 'डायनापल्स' नावाची नवी एस्केपमेंट असून सिलिकॉनची दोन चक्रे घासत सरकण्याऐवजी लोळत्या स्पर्शाने आवेग देतात. दोन चक्रांची ही कल्पना ब्रेगे या घड्याळकाराने सव्वादोनशे वर्षांपूर्वी योजलेल्या 'नैसर्गिक' एस्केपमेंटची आठवण करून देते. त्या काळी धातूची चक्रे पुरेशी हलकी आणि नेमकी करता येत नव्हती, आज सिलिकॉनमुळे ते जमले. हे मशीन सेकंदाला दहा ठोके देते, म्हणजे तासाला ३६,०००, आणि तरीही पूर्ण चावी दिल्यावर सुमारे ६६ तास चालते. ठोके जितके जलद तितकी शक्ती लवकर संपते, हा नेहमीचा हिशेब आहे. तो इथे बराचसा सांभाळला गेला. एवढ्या पुराणमतवादी कंपनीने एवढे धाडस केले, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

सेकंद काटा अजिबात न थबकता सरकतो अशी घड्याळे कोणती?

ती ग्रँड सेकोची 'स्प्रिंग ड्राइव्ह' घड्याळे. त्यांत सेल नसतो; शक्ती मेनस्प्रिंगचीच असते, पण चाकांचा वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाशी ताडून विद्युतचुंबकाने आवरला जातो. हे तंत्र १९९९ मध्ये बाजारात आले. २०२५ मधील ९आरबी२ या मशीनची अचूकता वर्षाला २० सेकंदांच्या आत ठेवली आहे. काटेकोर बोलायचे तर हे निव्वळ यांत्रिक घड्याळ नव्हे, आणि काही संग्राहक त्याला त्या पंगतीत बसवतही नाहीत. मात्र त्यांच्या काट्यांच्या कडा आणि केसवरचे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावरचे, आरशासारखे पृष्ठभाग पाहिले की वादाचा जोर ओसरतो.

पट्टा आणि केस जणू एकाच तुकड्यातून घडवल्यासारखी घड्याळे आजकाल सगळीकडे दिसतात. ही रचना कोणाची?

जेराल्ड जेंटा या जिनिव्हातील रचनाकाराची, आणि तिचा उगम १९७२ चा. स्विस घड्याळ उद्योग सेलच्या घड्याळांच्या सावटाखाली येत असताना ओदमार पिगे कंपनीने 'रॉयल ओक' हे स्टीलचे घड्याळ बाजारात आणले. अष्टकोनी बेझेल, म्हणजे काचेभोवतीची कडी, त्यावर उघड दिसणारे आठ षटकोनी स्क्रू, डायलवर चौकटींची बारीक वीण आणि निमुळता होत जाणारा पट्टा अशी ही रचना जेंटा याने एका रात्रीत रेखाटली, असे सांगितले जाते. त्या काळी मोठा वाटणारा ३९ मिलिमीटरचा व्यास आणि ३,३०० फ्रँक ही सोन्याच्या अनेक घड्याळांपेक्षा जास्त किंमत पाहून लोक चक्रावले. स्टीलला सोन्याचा मान देण्याची ही पहिली वेळ होती, आणि तो मान धातूसाठी नव्हे तर कामासाठी होता: घासून खरखरीत केलेला सपाट भाग आणि लखलखीत पॉलिश केलेली तिरकी कड एकमेकांना जिथे भेटतात ती रेघ धारदार ठेवणे स्टीलमध्ये सोन्यापेक्षा कठीण असते.

चार वर्षांनी, १९७६ मध्ये, जेंटाच्याच हातून पाटेक फिलिपचे 'नॉटिलस' आले. जहाजाच्या गोल खिडकीला असतात तसे दोन्ही बाजूंचे बिजागरीसारखे उभार ही त्याची ओळख. आयडब्ल्यूसीच्या 'इंजेन्यूर'ची त्याच वर्षीची रचनाही त्याचीच. १९७७ मध्ये वाशरों कॉन्स्तांताँने आपल्या २२२ व्या वर्षानिमित्त '२२२' काढले. ते जेंटाचे असल्याचे अजूनही अनेक ठिकाणी लिहिले जाते, पण ते यॉर्ग हायसेक या तरुण रचनाकाराचे काम होते.

आज याच चार-पाच कल्पनांची पुनरावृत्ती चालू आहे. 'इंजेन्यूर' २०२३ मध्ये परतले आणि २०२५ मध्ये ३५ मिलिमीटरच्या लहान आकारातही आले, '२२२' जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा स्टीलमध्ये उपलब्ध झाले, आणि 'लँड-ड्वेलर'नेही आपला पट्टा केसमधूनच काढला. पाटेक फिलिपने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेले 'क्युबिटस' हे चौकोनी घड्याळ या परंपरेतले सर्वांत वादग्रस्त ठरले. ४५ मिलिमीटरचा चौकोन मनगटावर फारच पसरतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. २०२५ मध्ये तेच ४० मिलिमीटरमध्ये आल्यावर त्याचे प्रमाण बरेच सुधारले.

अशा घड्याळाचा एक व्यावहारिक तोटा दुकानात सहसा सांगितला जात नाही. पट्ट्याचा जोड कंपनीच्या खास मापाचा असल्यामुळे बाजारातला साधा चामड्याचा पट्टा त्याला बसत नाही, आणि पट्टा बिघडला तर कंपनीकडेच जावे लागते.

घड्याळे पुन्हा लहान होत आहेत का? माझ्या मनगटासाठी कोणता आकार योग्य?

होय, स्पष्टपणे लहान होत आहेत. पंधरा वर्षांपूर्वी ४४-४५ मिलिमीटरची घड्याळे सर्रास दिसत. आता ३६ ते ४० मिलिमीटरचा आकार पुन्हा रुळला आहे, आणि २०२५ मध्ये लांगे उंड झोने या जर्मन कंपनीने '१८१५' हे घड्याळ तर ३४ मिलिमीटरमध्ये काढले. आपल्याकडील पूर्वीची चावीची घड्याळे याच मापाची असत, त्यामुळे आजोबांचे घड्याळ आज कालबाह्य न दिसता अद्ययावत दिसते.

मात्र केवळ व्यासावर विसंबू नये. पट्टा जिथे जोडला जातो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली की घड्याळ उसने आणल्यासारखे दिसते. जाडीही तितकीच महत्त्वाची आहे: ४० मिलिमीटरचे 'लँड-ड्वेलर' ९.७ मिलिमीटर जाडीचे असल्यामुळे शर्टाच्या बाहीखाली सहज जाते, पण त्याच व्यासाचे १४ मिलिमीटर जाडीचे घड्याळ बाहीला अडकत राहते. दुकानात घड्याळ हातात घालून हात खाली सोडावा आणि आरशात लांबून पाहावे. जवळून पाहिल्यास प्रत्येक घड्याळ मोठेच भासते.

दोन मिलिमीटरपेक्षा पातळ घड्याळात मशीन बसते तरी कसे?

मशीन केसमध्ये बसवायचे, ही पद्धतच तिथे सोडून दिलेली असते. केसचा मागचा पत्रा हाच मशीनचा पाया होतो, चाके एकावर एक न रचता शेजारीशेजारी मांडली जातात आणि काटेही त्याच पातळीवर आणले जातात. पियाजेने 'अल्टिप्लॅनो अल्टिमेट कन्सेप्ट'मध्ये ही वाट दाखवून एकूण जाडी २ मिलिमीटरवर आणली. २०२२ मध्ये बुल्गारीचे १.८ आणि रिशार मिलचे १.७५ मिलिमीटरचे घड्याळ आले, २०२४ मध्ये कॉन्स्तांतिन चायकिन या रशियन घड्याळकाराने १.६५ मिलिमीटरचा नमुना दाखवला आणि २०२५ मध्ये बुल्गारीने टूर्बिलॉनसह, म्हणजे एस्केपमेंट सतत फिरवणाऱ्या पिंजऱ्यासह, १.८५ मिलिमीटर साधले.

अभियांत्रिकी म्हणून हे थक्क करणारे आहे यात शंका नाही. रोज वापरण्याची वस्तू म्हणून मात्र मी ती कोणाला सुचवणार नाही. इतक्या पातळ केसला पाण्यापासून फारसे संरक्षण नसते आणि चावी देण्यासाठी नेहमीची कळही नसते. पातळपणाचे सुख हवे असेल तर सात-आठ मिलिमीटरचे, सरळ साध्या रचनेचे घड्याळ पुरेसे आहे.

डायलच्या वर्णनात गियोशे, एनॅमल, फ्युमे असे शब्द येतात. त्यांत फरक काय, आणि हाताचे काम ओळखायचे कसे?

गियोशे म्हणजे धातूवर भूमितीच्या बारीक, परत परत येणाऱ्या रेषा कोरणे. खरे गियोशे हाताने फिरवायच्या जुन्या यंत्रावर होते; कारागीर एका हाताने चाक फिरवतो आणि दुसऱ्या हाताने छिन्नीचा दाब सांभाळतो. अशी नवी यंत्रे फार कमी बनतात, त्यामुळे अनेक कार्यशाळांत आजही शंभर वर्षांपूर्वीची यंत्रेच चालू आहेत. स्वस्त डायलवर हीच नक्षी साच्याने दाबून उठवतात. भिंगाखाली पाहिल्यास कोरलेल्या रेषेची कड धारदार असते आणि तिच्यावर प्रकाश तुटल्यासारखा चमकतो. दाबलेल्या नक्षीची कड मऊ आणि गोलसर दिसते. तिसरा प्रकार लेसरचा आहे. 'लँड-ड्वेलर'वरील मधाच्या पोळ्यासारखी नक्षी फेम्टोसेकंद (अत्यंत क्षणिक झोताच्या) लेसरने केली आहे. ती अतिशय काटेकोर आहे, परंतु हाताची नव्हे, आणि कंपनीही तसा दावा करत नाही.

'ग्राँ फ' एनॅमल म्हणजे काचेची भुकटी धातूच्या तबकडीवर पसरून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवणे. असे थर अनेकदा द्यावे लागतात आणि प्रत्येक वेळी तडा जाण्याचा, फोड येण्याचा किंवा काळा ठिपका पडण्याचा धोका असतो. शेवटच्या भाजणीत बिघडलेले डायल फेकूनच द्यावे लागते, म्हणून किमतीत न दिसणाऱ्या, वाया गेलेल्या डायलांचाही भाग असतो. जयपूरच्या मीनाकारीशी परिचित असलेल्या वाचकाला ही प्रक्रिया नवी वाटणार नाही. ब्रेगेने आपल्या २५० व्या वर्षानिमित्त २०२५ मध्ये काढलेले 'क्लासिक सूस्क्रिप्सियों' या कामाचा उत्तम नमुना आहे: पांढरे एनॅमल डायल, त्यावर निळा केलेला एकच काटा, आणि त्या एका काट्यानेच तास व मिनिटे दोन्ही वाचायची. गजबजलेल्या घड्याळांच्या गर्दीत त्या वर्षीचा जिनिव्हातील सर्वोच्च घड्याळ पुरस्कार याच साध्या घड्याळाला मिळाला, हे मला फार आवडले.

फ्युमे म्हणजे मध्यभागी उजळ आणि कडेला गडद होत जाणारा रंग. याशिवाय लापिस लाझुली, मॅलाकाइट, टायगर्स आय अशा खड्यांच्या पातळ चकत्यांची डायले पुन्हा आली आहेत. झेनिथने आपल्या १६० व्या वर्षाच्या प्लॅटिनमच्या घड्याळात लापिस वापरला आहे. दगडाचे प्रत्येक डायल वेगळे असते, पण ते जोराच्या धक्क्याने तडकू शकते.

घड्याळाच्या मागच्या काचेतून मशीन दिसते. त्यात पाहण्यासारखे काय असते?

पुष्कळ, आणि पारख सर्वांत लवकर इथेच होते. मशीनची चाके जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर आडव्या लाटांसारख्या रेघा असतात त्यांना जिनिव्हा पट्टे म्हणतात. ते यंत्रानेही सुबक होतात, त्यामुळे एकट्या त्यांवर भाळू नये. पट्ट्यांच्या कडा तिरक्या घासून चकचकीत केल्या आहेत का ते पाहावे. या तिरक्या कडा आतल्या कोपऱ्यात एकमेकींना भेटतात तिथे टोकदार कोन असेल तर तो भाग हाताने, लाकडाच्या काडीने आणि पॉलिशच्या लेपाने घासलेला आहे, कारण फिरणारे यंत्र असा आतला कोन करू शकत नाही. ते तिथे गोलाईच सोडते. स्क्रूची डोकी पाहावीत. काळे पॉलिश केलेला स्टीलचा भाग एका कोनातून आरशासारखा पांढरा आणि जरा कलता केला की पूर्ण काळा दिसतो, मधला करडा रंग दिसतच नाही.

जर्मनीतील ग्लासह्युट गावची शैली याहून निराळी आहे. १९९० मध्ये वॉल्टर लांगे यांनी आपल्या घराण्याची कंपनी पुन्हा उभी केली आणि १९९४ मध्ये 'लांगे १' हे मध्यापासून सरकलेल्या डायलचे, मोठ्या तारखेचे घड्याळ आणले. त्यांची मशिने जर्मन सिल्व्हरची (तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची) असतात, मशीनचा तीन चतुर्थांश भाग एकाच प्लेटखाली झाकलेला असतो, खडे सोन्याच्या कोंदणात स्क्रूने बसवलेले असतात आणि बॅलन्सवरची पट्टी हाताने कोरलेली असते. त्या कोरीव कामावरून ते कोणत्या कारागिराचे आहे हे कार्यशाळेतील लोक ओळखतात.

घड्याळ महाग असूनही त्याची पाठ बंद ठेवलेली असेल तर त्यामागे पाणीरोधकतेसारखे योग्य कारण असू शकते. परंतु पाठ काचेची आहे आणि आत फक्त यांत्रिक पट्टे आहेत, असे असेल तर पैसे बहुतांशी नावाचे आहेत असे खुशाल समजावे.

स्टील, सोने, टायटॅनियम की सिरॅमिक?

रोजच्या वापरासाठी ३१६एल स्टील पुरेसे आहे. रोलेक्स ९०४एल वापरते, जे गंजाला थोडा अधिक विरोध करते. घड्याळातील सोने साधारणपणे १८ कॅरटचे, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध असते. टायटॅनियम वजनाने स्टीलच्या निम्म्याजवळ येते आणि निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते सोसते; युलिस नार्दाँचे २०२५ मधील 'डायव्हर एअर' पट्ट्यासह केवळ ५२ ग्रॅमचे आहे. सिरॅमिकवर ओरखडा उठत नाही, पण ते फरशीवर पडल्यास तुटू शकते आणि मग पॉलिश करून भागत नाही, पूर्ण केस बदलावी लागते. काचेच्या बाबतीत एकच आग्रह धरावा: ती सफायरची असावी. हिऱ्याखालोखालच्या या कठीण काचेवर चाव्यांचे, भिंतीचे ओरखडे सहसा उमटत नाहीत.

टूर्बिलॉन घ्यावे का?

उपयोगासाठी घेऊ नये. अब्राहम-लुई ब्रेगे याने २६ जून १८०१ रोजी त्याचे पेटंट घेतले तेव्हा घड्याळ खिशात दिवसभर उभे राहत असे आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ बॅलन्सवर एकाच बाजूने पडे. संपूर्ण एस्केपमेंट एका पिंजऱ्यात घालून तो सतत फिरवला की ही चूक सर्व दिशांना विभागली जाते. मनगट दिवसभर हलतेच, त्यामुळे आज त्याचा लाभ नगण्य आहे. पाहण्यासाठी, आणि तो पिंजरा जुळवणाऱ्याच्या कौशल्यासाठी, घ्यायचे तर जरूर घ्यावे. भारतीय वाचकांसाठी उल्लेखनीय गोष्ट म्हणजे टायटनने 'नेब्युला जलसा' हे स्वतःचे टूर्बिलॉन सादर केले.

नव्या 'पर्पेच्युअल कॅलेंडर' घड्याळांत काय सुधारले?

वापरणे सोपे झाले. ३० आणि ३१ दिवसांचे महिने, फेब्रुवारी आणि लीप वर्ष हे सर्व चाकांच्या दात्यांत साठवलेले असल्यामुळे असे घड्याळ २१०० सालापर्यंत तारीख बरोबर दाखवते. २१०० हे लीप वर्ष नसल्यामुळे तेव्हा एकदा हाताने दुरुस्ती करावी लागेल. अडचण अशी होती की घड्याळ काही दिवस बंद पडले तर केसच्या कडेला लपवलेली चार-पाच छिद्रे टोकदार काडीने दाबून वार, तारीख, महिना आणि चंद्रकला पुन्हा जुळवाव्या लागत, आणि चुकीच्या वेळी दाबले तर मशीन बिघडे. ओदमार पिगेने आपल्या १५० व्या वर्षी, २०२५ मध्ये, ७१३८ हे मशीन आणले. त्यात ही सर्व जुळवाजुळव एकाच चावीने होते. बाहेरून या बदलाची चाहूलही लागत नाही, पण रचनेतील त्या वर्षीची सर्वांत शहाणी सुधारणा मी यालाच म्हणेन.

दुसऱ्या टोकाला वाशरों कॉन्स्तांताँचे 'सोलारिया' आहे: ४१ करामती (वेळ दाखवण्यापलीकडच्या सोयी), १,५२१ भाग आणि हे सर्व ४५ मिलिमीटर व्यासाच्या मनगटी घड्याळात. असे घड्याळ एकच बनते. ते विकत घेण्याचा प्रश्न वाचकापुढे येण्याची शक्यता कमी आहे.

अचूकतेच्या प्रमाणपत्रांपैकी कोणत्याला किती महत्त्व द्यावे?

स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था केसमध्ये न बसवलेले मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद ही मर्यादा आहे. मेटास या सरकारी संस्थेच्या चाचणीत पूर्ण घड्याळ १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही तपासले जाते आणि ते दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे जाऊ शकते, मागे पडू शकत नाही. रोलेक्सची स्वतःची मर्यादा अधिक-उणे २ सेकंदांची आहे. सामान्य वापरात मेटासची चाचणी सर्वांत उपयोगी, कारण आज घड्याळ बिघडवणारी मुख्य गोष्ट चुंबक आहे: मोबाइलचे कव्हर, पर्सची कळ, स्पीकर, टॅब्लेटचे झाकण. नवे घड्याळ अचानक दिवसाला मिनिट-दोन मिनिटे पुढे धावू लागले तर उघडण्याआधी त्याचे चुंबकत्व काढून पाहावे. काम क्षणाचे आहे.

'स्विस मेड' हा शिक्का अचूकतेचा नव्हे. २०१७ पासून त्याचा अर्थ असा की घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के स्वित्झर्लंडमध्ये झाला, आणि मशीन तिथेच बसवून तपासले गेले. उरलेला खर्च बाहेर होऊ शकतो, आणि होतोही.

या घड्याळांचा भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि वाटतो त्यापेक्षा जुना आहे. जेगर-लकुल्त्रचे 'रिव्हर्सो' १९३१ मध्ये जन्मले ते भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या पोलोच्या खेळामुळे. खेळताना घड्याळाची काच फुटे, म्हणून डायल आत आणि धातूची पाठ बाहेर अशी केस उलटवता येण्याची योजना झाली, आणि मग त्या कोऱ्या पाठीवर नाव, चिन्ह किंवा चित्र कोरण्याची प्रथा पडली. २०२५ मध्ये हेच 'रिव्हर्सो' बारीक विणलेल्या सोन्याच्या पट्ट्यासह आले.

१७३७ मध्ये सुरू झालेल्या फाव्र-ल्युबा कंपनीने १८६५ मध्ये मुंबईत पाय रोवले, आणि वेस्ट एंड कंपनीचा जन्मच १८८६ मध्ये मुंबईचा. जुन्या घरांतील कपाटांत ही दोन नावे अजून सापडतात. फाव्र-ल्युबाचे २०२४ मध्ये भारतीय मालकीखाली पुनरागमन झाले. १९६१ मध्ये सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला सुरू झालेल्या एचएमटीची 'जनता' देवनागरी आकड्यांच्या डायलसह मिळे. इतके वाचनीय आणि इतके आपले डायल आजच्या कोणत्याही महागड्या घड्याळात मला दिसलेले नाही.

पावसाळ्यात आणि दमट हवेत यांत्रिक घड्याळ घालावे का?

घालावे, पण आकडे नीट वाचून. डायलवर ३० मीटर लिहिलेले असले तरी ते स्थिर पाण्याच्या दाबाचे माप आहे; हात धुताना उडणारे पाणी ते सोसते, पोहणे नाही. मुंबई-कोकणच्या पावसासाठी १०० मीटरचे आणि शक्यतो स्क्रूने आवळली जाणारी चावी असलेले घड्याळ निवडावे, आणि चामड्याचा पट्टा जूनमध्ये उतरवून रबराचा किंवा धातूचा लावावा. रबरी वॉशर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी दाबाची चाचणी करून घ्यावी. काचेच्या आत वाफ दिसली तर दुसऱ्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. तांदळाच्या डब्यात ठेवून गंज थांबत नाही.

सर्व्हिसिंग साधारण पाच ते दहा वर्षांनी लागते. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात.

गुंतवणूक म्हणून घेता येईल का?

बहुतेक घड्याळांची किंमत दुकानातून बाहेर पडताच उतरते. ठरावीक स्टील घड्याळांचे पुनर्विक्रीचे भाव २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर होते आणि नंतर बरेच घसरले. ज्याला परतावा हवा त्याने दुसरे काही घ्यावे.

भारतात घ्यावे की परदेशातून आणावे?

पूर्वीइतका फरक राहिलेला नाही. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. जीएसटी १८ टक्के आहे. दहा लाखांपेक्षा महाग घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. त्यासाठी पॅन द्यावा लागतो आणि ती रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते.

स्वित्झर्लंडमध्ये घेतल्यास तिथला ८.१ टक्के व्हॅट परत मागता येतो, मात्र भारतात उतरल्यावर घड्याळ विमानतळावरील लाल मार्गिकेत (शुल्क लागणाऱ्या वस्तूंच्या रांगेत) जाहीर करून शुल्क भरणे बंधनकारक आहे. हातात घालून आणले म्हणजे ते वैयक्तिक वापराचे ठरते, हा समज चुकीचा आहे. उलट, भारतातून महागडे घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडे त्याचा क्रमांक आणि बिल दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते नवे नाही हे सिद्ध करत बसावे लागत नाही.